आत्या, जिनाच बरोबर होता

आत्या,

काल तुमचं तेरावं झालं. मागून आणलेली भांडी ज्याची त्याला परत गेली, निंबर्ग्याहून आलेली माणसं जेवून दुपारच्या जीपनं गेली. तुमचा लेक मल्लू वरच्या खोल्यांना कुलपं लावत हिंडतोय आणि मी खाली काउंटरच्या मागं तुमच्या खुर्चीवर बसून हे लिहिते आहे. शाळेत शिकलेल्या मराठीत लिहिते आहे, कारण कागदावर मला दुसरी येत नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, "पुस्तकातलं कामून बोलायलीस गं अनसू, ताप आलाय का?"

आलेले लोक तुमच्याबद्दल चांगलंच बोलून गेले. नवरा गेल्यावर सहा खोल्यांचं लॉज एकटीनं चालवलं, दर्शनाला आलेल्या कोणाला उपाशी झोपू दिलं नाही, लेकाला शिकवलं. सगळं खरं आहे. पण साठीतली ही बाई डोक्यावरचा पदर ढळू न देता कॉम्प्युटरवरच्या गुंडांच्या शहरात पिस्तूल चालवायची, हे कोणी बोललं नाही, कारण ते ठाऊकच फक्त मला होतं. तुमच्या धाकट्या जाऊबाई डोळे पुसत म्हणाल्या, "अक्काचा हात लई साधा होता." तेव्हा माझ्या ओठापर्यंत आलं होतं की तो साधा हात धावत्या माणसाला पन्नास पावलांवरून पाडायचा. शेजारी भजनाची माणसं बसली होती, म्हणून गिळून टाकलं.

आणि माझं एक सांगायचं राहिलं आहे. आपली बोली झाली होती: हा गेम संपला की मी पुण्याला जायचं, मल्लूकडं. तो गेम संपला नाही याचं कारण शेवटची लढाई अवघड होती असं मी तुम्हाला भासवत राहिले. अवघड नव्हती, आत्या. मी मुद्दाम हरत होते. हे सांगायलाच बसले आहे, नाहीतर मला कुठं पत्र लिहायची सवय.

सगळं सुरुवातीपासून सांगते, म्हणजे तुम्हाला मध्ये टोकता येणार नाही.

तुमच्या लेकानं गुलबर्ग्यात कॉम्प्युटरचा क्लास केला आणि एक जुना कॉम्प्युटर पोत्यात गुंडाळून जीपच्या टपावरून आणला. म्हणे, आता लॉजमधल्या लोकांची नावं यावर लिहायची. आठ दिवस लिहिली. मग पुण्याहून नोकरीचा फोन आला, आमच्या लग्नाला तेव्हा वर्ष झालं नव्हतं, आणि तो बॅग भरून गेला. खोली मिळाली की तुला नेतो, म्हणाला. कॉम्प्युटर इथं राहिला, मी इथं राहिले, आणि कॉम्प्युटरमध्ये त्याच्या दोस्तानं भरून दिलेला तो गेम राहिला. पहिल्यांदा उघडला तेव्हा मला वाटलं बिघडलंय काहीतरी, कारण त्यात नुसतं शहरच होतं. रस्ते, बंदर, दवाखाना, पोलीस ठाणं, समुद्र. एक गडी रस्त्यावर उभा, आणि त्याला कुठंही न्या. ज्याची हवी त्याची गाडी ओढून घ्या. चौकाचौकात काम देणारी बेरकी माणसं उभी. एक काम केलं की दुसरं उघडायचं, असं करत गड्यानं शहराचा दादा व्हायचं.

तुम्ही पहिल्यांदा पाहिलंत ती दुपार मला स्वच्छ आठवते. देवळातला प्रसाद उरकून लोक खोल्यांत पडले होते. मी एका माणसाला गाडीनं उडवलं आणि तुम्ही ताटं घेऊन मागं येऊन उभ्या राहिलात. मला वाटलं आता रक्तावरून बोलणी खावी लागणार. तुम्ही रक्त बघितलंच नाही. पडद्याच्या कोपऱ्यात गेमचं घड्याळ असतं, ते बघितलंत.

"अगं, तितं बारा वाजून गेल्यात ना?"

"व्हय."

"आन् बारा वाजता माणूस मारायलीस?"

"आत्या, ते खोटं हाय सगळं."

"घड्याळ खोटं हाय का?"

गाणगापुरात बारा वाजता दारातून कुणाला परत धाडत नाहीत. त्या वेळेला दत्तमहाराज माधुकरीला निघतात, कोणाच्या रूपात येतील सांगता येत नाही. भिकारी येतो, वेडा येतो, कुत्रं येतं, सगळ्यांना भाकरीचा तुकडा. मी आले औराद भागातून, ठाणाकुशनूरची, मला हे लग्नानंतर कळलं. पण ते कॉम्प्युटरलाही लागू होतं हे तुमच्याकडूनच कळायचं होतं. तुम्ही ताटं खाली ठेवून नेम घालून दिलात. त्या शहरात बारा ते एक कोणाला हात लावायचा नाही. गोळी नाही, ठोसा नाही, गाडीचा धक्कासुद्धा नाही.

गेममधला तास आपल्या एका मिनिटात संपतो. एक मिनिट तर पाळायचं, मी म्हटलं, म्हातारीचं मन राखू. पण पोलिसांना आणि गुंडांना तुमचा नेम कुठं ठाऊक होता. ते बाराला पण मारायचे. ऐन मारामारीत तुम्ही मागून म्हणायच्या, "बारा वाजले, हात आवर," आणि मी शिव्या गिळत गड्याला पळवायची. सुरुवातीला रोज मेले. कामं फसली, पुन्हा पहिल्यापासून.

आज सांगते, मला जो काही गेम आला तो त्या एका मिनिटानं आला. मारायचं नाही म्हटल्यावर दुसरं सगळं शिकावं लागलं. हातब्रेक ओढून गाडी जागच्या जागी फिरवायची. पोलिसांची गाडी वजनानं जड असते, ती अरुंद वळणाला भिंतीला घासते, म्हणून मोठा रस्ता सोडून बोळ धरायचा. मागं कोणी असलं तर आधी मान वळवून बघायचं, मग पळायचं. तोल गेलेल्या गाडीतून ती पेटायच्या आधी उडी टाकायची. पाण्यात मात्र जायचं नाही, कारण आपल्या गड्याला पोहता येत नव्हतं. कमरेएवढ्या पाण्यात मरायचा. तुम्ही त्याला म्हणायच्या, "भीमेच्या काठावर ह्याला कोन पोरगी देईना."

आणि तुमचा संगम. तिथं एक रंगाचं दुकान होतं, चोरीची गाडी आत घातली की नवा रंग होऊन बाहेर यायची आणि पोलीस ओळखच विसरायचे. तुम्ही बघितलंत आणि म्हणालात, "हितं बुडी मारली की पाप फिटतं म्हन की." तेव्हापासून ते संगम, भीमेवरच्या आपल्या संगमासारखं. मागं पोलीस लागले की तुम्ही "संगमावर घे, संगमावर घे" करायच्या. एकदा सहा नंबरच्या खोलीतले जळगावचे एक काका ऐकून खाली आले आणि म्हणाले, "मावशी, जीप संगमाला निघाली असेल तर आम्हाला पण दोन जागा ठेवा." तुम्ही जराही न हसता त्यांना सांगितलंत की आत्ताची भरली, पुढची चारला आहे.

वाट सांगणं हा तुमचा जन्माचा धंदाच होता. येणाऱ्या माणसाला देऊळ कुठं, संगम कुठं, भस्माचा डोंगर कुठं हे तीन भाषांत सांगत तुमचं आयुष्य गेलं. ते शहरसुद्धा महिन्याभरात तुम्हाला तळहातासारखं झालं. तुम्हाला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण कुठल्या पुलापुढं कुठली गल्ली हे माझ्याआधी सांगायच्या. मी चुकीच्या वळणाला गेले की कानडीत चालू व्हायच्या. ते मला पूर्ण कळायचं नाही, हे एक बरं होतं.

मग एक दिवस तुम्ही हात पुढं केलात. "इली दे इकडं." कानडीत उंदराला इली म्हणतात, आणि माउस म्हणजे उंदीर हे कोणीतरी तुम्हाला सांगितलं होतं. तेव्हापासून कीबोर्ड माझ्याकडं, माउस तुमच्याकडं. मी गड्याला चालवायची, तुम्ही नेम धरायच्या. जात्याच्या एकाच खुंट्याला दोघी बसतात तशा आपण बसायचो, खांद्याला खांदा लावून. पहिला आठवडा तुम्ही माउस भाकरीसारखा थापलात. बटणावरचं बोट उचलायचंच नाही, गोळ्या नुसत्या आभाळात. मग तुमच्या तुम्हालाच कळलं की लांब बार काढला की नळी वर वर जाते, आणि दोन दोन गोळ्या सोडल्या की जिथं धरलं तिथं लागतं. त्यानंतर तुम्ही मलाच शिकवायला लागलात. कधी माउस माझ्या हाती आला आणि मी बंदूक सोडली की, "लाह्या हायत का उधळायला?"

तुमचे वडील मेंढरं राखायचे. हे मला ठाऊक होतं, पण त्याचा गेमशी काय संबंध हे ठाऊक नव्हतं. धावणारा गुंड मला कधी लागायचा नाही. तुम्ही म्हणालात, "त्याला कामून धरायलीस? तो हितं न्हाई राहनार. तो जितं जानार तितं धर." मेंढरू कळपातून फुटलं की गोफणीचा दगड त्याला मारायचा नसतो, त्याच्या तोंडापुढं टाकायचा असतो, म्हणजे ते वळतं. तोच नेम तुम्ही हात दीड हात पुढं धरायच्या आणि माणूस पळत येऊन गोळीवर पडायचा. दुसरं, मोकळ्यात उभं राहायचं नाही. "मेंढरं मैदानात चहूकडनं येत्यात, बोळीत एकाएकानं येत्यात. तू बोळीत उभी ऱ्हा." त्या एका वाक्यावर आपण दहा कामं पार केली. कोपरा गाठायचा, खाली बसायचं म्हणजे हात हलत नाही, आडोशावरून आधी नुसती नजर बाहेर काढायची, आणि गोळ्या भरल्याशिवाय दाराच्या आत पाय टाकायचा नाही.

घरी नेऊन खेळ जपून ठेवण्याला आपण निजवणं म्हणायचो. गड्याला त्याच्या घरात नेलं की तो रात्रभर निजायचा आणि तिथवरचं सगळं पक्कं व्हायचं. तुम्ही मला चहा प्यालीस का विचारण्याआधी "गड्याला निजवलंस का?" विचारायच्या. एकदा न निजवता करंट गेला आणि तीन दिवसांचं काम पुसलं गेलं. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. वर मला म्हणालात की उपास आहे.

बोली त्याच सुमाराची. मल्लूला पुण्यात खोली मिळाली. त्यानं गॅस घेतला, दोन पातेली घेतली, फोन केला. मी उड्या मारायचीच बाकी होते. तुम्हाला येऊन म्हटलं, मी जायलेय. तुम्ही गहू निवडत होता. वर बघितलं नाहीत. म्हणालात, "हातातलं अर्धं टाकून जाऊ न्हाई मानसानं. तेवढं शहर संपू दे, मग जा." मला राग आला होता, आत्या. खरा राग. मला वाटलं सासू अडवते आहे आणि अडवायला कारणसुद्धा धड शोधत नाही. त्या रात्री मी मल्लूकडं तुमची चुगली केली. तो हसायला लागला. "आई आन् गेम? तू खेळ, ती बसू दे बापडी बाजूला." त्याला शेवटपर्यंत वाटत होतं की तुम्ही बाजूला बसून जप करता.

मग मी रागानं खेळले. लवकर संपवायचं आणि निघायचं म्हणून मी रोज एक काम उडवायला लागले. हात बसला, डोळा बसला. ज्या टोळीनं आपल्याला महिनाभर रडवलं ती एका दुपारी संपवली. राग कधी गेला ते मला सांगता येणार नाही. एवढंच आठवतं की एकदा सकाळी खोल्या झाडताना माझ्या मनात आलं, आज बंदरावर कुठून शिरायचं ते आत्यांना विचारू. पुण्याचं मनात आलंच नाही.

शेवटचं काम आलं. बंदरावरचं ते तीन मजली गोदाम, वरच्या मजल्यावर शहराचा जुना दादा, आणि खाली आपण. दार एक, जिना एक. आत शिरलं की माणसं दोन्हीकडून येतात. तुम्ही एकदाच बघून सांगितलंत, जिन्याच्या खाली, पायऱ्यांच्या बगलेत बसायचं. तिथं मागं भिंत आहे, वरून येणारा एकटा येतो, दारातून येणारा उजेडात येतो. मी म्हटलं, दारात उभं राहू.

आपलं भांडण तिथून सुरू झालं आणि अजून मिटलेलं नाही. दार की जिना. भाकरी करताना, पाणी भरताना, खोल्यांच्या चादरी वाळत घालताना. "दारात चारीकडनं मार बसतो, तुला दिसंना का?" "दिसतंय, पन पळायला वाट ऱ्हाती." "पळायचं कशाला, शेवटचं काम हाय." शेजारच्या नारळवाल्याला वाटायला लागलं की आपल्या घरात बांधकाम काढलंय. त्यानं मला गवंडी सुचवला.

आत्या, जिनाच बरोबर होता. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दारात उभं राहिलं की मरतो, म्हणूनच मी दारात उभी राहत होते. एक-दोनदा तुम्ही दटावून मला जिन्याखाली बसवलंत, तर जीव अर्धा असताना मी आपली डावीकडं सरकायची आणि म्हणायची, बोट घसरलं. तुम्ही इतका सुंदर नेम धरायच्या आणि मी गड्याला नेऊन गोळ्यांपुढं उभं करायची. तुम्ही कपाळाला हात लावायच्या. तरी मी थांबले नाही. गेम संपला असता तर तुम्ही माझी पेटी भरून दिली असती. तुमचा शब्द म्हणजे शब्द. मग या सहा खोल्या, खालीवर करणारे तुमचे दुखरे गुडघे आणि दुपारची ती खुर्ची, सगळं एकट्या तुमच्या गळ्यात. तुम्हाला एकटं टाकून जायचं नव्हतं हे खरं आहे. पण नुसतं तेवढंच म्हटलं तर मी फार चांगली सून ठरेन. मला तुमच्याशिवाय करमणार नव्हतं, हे जास्त खरं आहे. आईजवळसुद्धा मी कधी एवढी हसले नव्हते.

यात मल्लूचे हाल झाले. तो दर फोनला विचारायचा, "कुठवर आलं शहर?" आधी हसून विचारायचा, मग नुसतं विचारायचा. दसऱ्याला त्याचा फोन आला आणि मी तेच उत्तर दिलं, शेवटचंच काम राहिलंय. तो म्हणाला, "अनसू, येनार नसलीस तर सरळ सांग. हितं दोन पातेली घेऊन ठेवल्यात मी." मी फोन ठेवून मागं वळले तर तुम्ही दारात होता. संध्याकाळी म्हणालात, "उद्यापासून जिना. म्या सांगते तसं." दुसऱ्या दिवशी मी पुन्हा डावीकडं सरकले. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, गड्याकडं नाही.

नंतर भावाच्या साखरपुड्याला मी आठ दिवस ठाणाकुशनूरला गेले. परत आले ती संध्याकाळी, पिशवीत आईनं दिलेल्या करंज्या. आत पाऊल टाकताच म्हटलं, "आत्या, तिकडं मला करमलंच न्हाई बघा." तुम्ही तोंड उघडलं होतंत, काहीतरी सांगणार होता. मग मिटलंत. चहा टाकलात. म्हणालात, "हात धू, आन् शहर लाव."

त्यानंतर दिवाळी गेली, संक्रांत गेली. आपण रोज दुपारी बसलो, भांडलो, हरलो. तुमचं दुखणं मी इथं लिहीत नाही, ते तुम्हालाच जास्त ठाऊक. गुलबर्ग्याच्या दवाखान्यात शेवटच्या दिवशीही तुम्ही नर्सच्या हातातल्या सुईकडं बघून मला हळूच म्हणालात, "हिचा नेम बघ, तिसऱ्यांदा चुकली." मी हसले आणि बाहेर जाऊन रडले.

आज सकाळी मल्लू म्हणाला, हा जुना कॉम्प्युटर पुण्याला नेऊन काय करायचं, सगळं पुसून कोणालातरी देऊन टाकू. मी म्हटलं, पुसायच्या आधी एकदा बघू दे. तुमची खुर्ची बाजूला सरकवली, मग पुन्हा जिथल्या तिथं ठेवली आणि तिच्यावरच बसले. गेम लावला. खेळ निजवायला तिथं आठ जागा असतात. आपण पहिलीच वापरायचो, बाकीच्या रिकाम्या, म्हणून माझी नजर कधी खाली गेलीच नव्हती. आज गेली. आठव्या जागेवर कोणीतरी निजलेलं होतं.

मला वाटलं मल्लूच्या दोस्ताचं जुनं काही असेल. उघडलं. आपला गडी घराच्या दारात उभा होता, सकाळचं ऊन पडलं होतं. हातात मोठी बंदूक नव्हती. तिच्या गोळ्या जशाच्या तशा, आणि हातात ते लहान पिस्तूल, ज्यानं या शहरात फक्त तुम्हीच लढायच्या. मी नकाशा बघितला. त्यावर कामाची एकही खूण नव्हती. बंदरावरची खूणसुद्धा नव्हती. गाडी काढून गोदामापर्यंत गेले, तर तिथं शुकशुकाट. काम केव्हाच पार पडलेलं. मग पुन्हा यादीत जाऊन तारीख बघितली. मी माहेरी होते त्या आठ दिवसांतल्या सहाव्या दिवसाची होती.

एका हातानं कीबोर्ड, एका हातानं माउस. कधी शिकलात, आत्या? मला मोकळं करायचं म्हणून तुम्ही एकटीनं तो जिना लढलात. मी आले की सांगायचं, जा बाई आता, संपलं, असं ठरवून बसला असणार. आणि मी दारातच म्हटलं, करमलं नाही.

तुम्ही जिंकलेला गेम माझ्याबरोबर चार महिने हरत बसलात. मी डावीकडं सरकते आहे हे ठाऊक असून रोज कपाळाला हात लावलात. आणि वर मलाच शिव्या.

मल्लू किल्ल्यांचा जुडगा घेऊन खाली आला आणि माझं तोंड बघून घाबरला. मी त्याला सगळं सांगितलं. बाराचा नेम, इली, मेंढरं, दार आणि जिना. मी मुद्दाम हरत होते तेही सांगितलं, खाली बघून सांगितलं. "म्हंजी दोघी मिळून मला फसवायला होता," तो म्हणाला. मी व्हय म्हटलं. त्याला हसू आलं, मग ते हसूच मोडलं आणि तो तुमच्या नावानं लहान पोरासारखा रडला. तेरा दिवसांत पहिल्यांदा रडला. मग नाक पुसून त्यानं विचारलं की आई खरंच एवढी चांगली खेळायची का. मी म्हटलं, माझ्यापेक्षा चांगली.

लॉज तुमच्या धाकट्या दीरांच्या हाती देतोय. कॉम्प्युटर पुसायचा नाही, असं मी ठणकावून सांगितलंय. जीप दारात येऊन उभी आहे, ड्रायव्हर दोनदा हॉर्न देऊन गेला. माझी पेटी मीच भरली, तुम्ही भरली असती तर नीट बसली असती, आता झाकण लागत नाहीये म्हणून मल्लू तिच्यावर बसलाय.

दोन वर्षं मला वाटत होतं की तुम्ही सोडलं तर मी जाईन. तुम्ही तर साखरपुड्याच्या आठवड्यातच सोडलं होतंत. नंतर राहिले ती माझ्या मनानं राहिले, आणि तुम्ही मला राहू दिलंत. आता मागं काही अर्धं नाही, आत्या. शहर संपलंय. जायलेय मी.